सूचना क्रमांक एक

गेली बरीच वर्षं मी महापालिकेत दुसऱ्यांची भाषणं लिहिते. जनसंपर्क विभागात माझं टेबल खिडकीपासून लांब, झेरॉक्स मशीनच्या शेजारी आहे. पदावर कोणीही येवो, त्याच्या तोंडचे शब्द याच टेबलावरून जातात. उद्घाटनं, सत्कार, वृक्षारोपण, पाणीकपात. खडकवासल्यात पाणी किती उरलंय हे मला माझ्या घरच्या टाकीच्या आधी कळतं. माझं नाव कुठेच येत नाही आणि ते एका अर्थी बरंच आहे.

माझे यजमान नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मशीनवर होते. छापखाना म्हणजे एका इमारतीच्या मागच्या अंगणावर पत्रे टाकून केलेली लांबट खोली. त्यात एक ऑफसेट मशीन, कागद कापायचं एक मशीन, रिमांच्या थप्प्या आणि वर एक पंखा. हा पंखा मशीन बंद असतानाच लावायचा. छपाई सुरू असताना लावला तर कागद उडतात, नाहीतर दोन-दोन एकदम आत जातात आणि माल वाया जातो. छापखान्यात काम केलेल्या कोणालाही यात काही विशेष वाटत नाही. घरी आले की हे चपला काढायच्या आधी पंख्याखाली जाऊन उभे राहत आणि मी फरशी मळते म्हणून ओरडायचे.

दुपारी पत्रे तापले की हे मशीन थांबवत आणि गल्लीच्या तोंडाशी पिंपळाचा पार आहे तिथे तासभर जाऊन बसत. समोरच अमृततुल्य चहाचं दुकान आहे. मालकांना ते आवडायचं नाही, पण मालक स्वतःच त्या वेळात घरी जाऊन झोपत, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. वर्षानुवर्षं असंच चालू होतं.

संध्याकाळी माझं भाषण तयार असलं की हे ते मोठ्याने वाचून दाखवत. ही आमची पद्धतच होती. जेवणाच्या टेबलाशी उभं राहायचं, चष्मा नाकावर ओढायचा आणि ज्याचं भाषण असेल त्याच्या आवाजात सुरुवात करायची. वाक्य एका दमात संपलं नाही की हे मध्येच थांबून माझ्याकडे बघत. "अगं, तुमचे साहेब इथे श्वास घेणार. लोकांना वाटेल संपलं, आणि नको तिथे टाळ्या पडतील." मग मी वाक्य तोडायचे. माझ्या लिखाणाबद्दल ऑफिसात जे दोन बरे शब्द बोलले जातात, त्यातला निम्मा भाग ह्यांच्या फुप्फुसांचा आहे.

उन्हाळ्यात काय करावं आणि काय टाळावं, याचं एक पत्रक दर वर्षी निघतं. वरून आलेल्या सूचना मी सोप्या मराठीत बसवते. पहिली सूचना कायम तीच: दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका, छताखाली थांबा. या वाक्यात काही चूक नाही. सगळीकडे असंच लिहितात. गेल्या उन्हाळ्यात योगायोगाने त्या पत्रकाचं काम ह्यांच्याच छापखान्यात गेलं. पहिलं छापील पत्रक हे घरी घेऊन आले आणि हातात नाचवत म्हणाले, "पुण्यात दुपारी असंही कोण बाहेर पडतं? हे मुंबईला पाठवा." तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पत्रक मशीनमागच्या भिंतीला सेलोटेपने लावलं. मालकांना सांगितलं, बायकोचा हुकूम आहे, आता पाळायला पाहिजे.

आणि पाळला. थट्टेत सुरू झालं, मग सवय झाली. जेवताना मला सांगायचे, "सूचना क्रमांक एक आम्ही पाळतोय. पारावर जाणं बंद, दुपारीही मशीन चालू." मी हसले होते. चांगलं आहे, उन्हातून चालणं वाचलं, असं म्हणालेही असेन. पार गल्लीच्या तोंडाशी, चार पावलांवर. तेवढं ऊनसुद्धा टाळत होते.

मे महिन्यात एका दुपारी मालकांचा फोन आला. "वहिनी, जरा लगेच या." मी रिक्षाने पोहोचले तोवर ह्यांना दवाखान्यात हलवलं होतं, आणि दवाखान्यात पोहोचले तोवर हलवण्याला अर्थ उरला नव्हता. कुठल्या तरी क्लासच्या प्रवेशाचं हँडबिल छापत होते. मालक झोपून परत आले तर हे रिमांच्या थप्पीला टेकून बसलेले, मशीन चालू, कागद कधीच संपलेले. हृदयक्रिया बंद पडून, असं लिहून मिळालं. ते खोटं नव्हतं. शेवटी सगळ्यांची हृदयक्रिया बंदच पडते.

मी रडले नाही. सुरुवातीला लोकांना ते कौतुकाचं वाटलं, मग जरा खटकलं. जावेने विचारलंसुद्धा, "ताई, मोकळं का होत नाही?" मी प्रयत्न केला, पण मोकळं व्हायला आत काही तुंबलेलं असावं लागतं. मला काहीच वाटत नव्हतं. कोणी विचारलं असतं की पत्रक तूच लिहिलं होतंस, तुला टोचत नाही का, तर त्याचंही उत्तर नाही असंच आलं असतं. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, पण जेवता येतं, बोलता येतं, तसं चाललं होतं. दिवस झाले आणि मी कामावर गेले. टेबलावर वृक्षारोपणाचं भाषण वाट बघत होतं. ते मी जेवणाच्या सुट्टीआधी लिहून दिलं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नव्हती. तिला दुःख म्हणता येणार नाही, ती एक दुरुस्ती होती. पत्रकात एक वाक्य कमी आहे. घर किंवा कामाची जागा पत्र्याची असेल, तर दुपारी तिथे थांबू नका. जवळच्या झाडाखाली जा. एवढंच. या शहरात पत्र्याखाली बसून काम करणारी माणसं मला रस्त्याने जाताना दिसायला लागली होती: स्वारगेटमागे टायरवाले, गॅरेजवाले, इस्त्रीवाले, आमच्याच गल्लीतला फॅब्रिकेशनवाला. पुढच्या उन्हाळ्याआधी ते वाक्य पत्रकात गेलं पाहिजे, असं मी ठरवून टाकलं. दुसरं काही हवंसं वाटत नव्हतं, म्हणून हे एक हवंसं वाटणं मी धरून ठेवलं.

पत्रकातला मजकूर माझ्या मनाने बदलता येत नाही. कुठेतरी कोणीतरी तो अधिकृतपणे बोलावा लागतो. त्याआधी काही वर्षं निवडणुकाच झाल्या नव्हत्या आणि सभागृह बंद होतं. त्या हिवाळ्यात निवडणुका झाल्या, नवे सभासद आले, नवे सभागृहनेते आले. त्यांना पहिल्याच मोठ्या सभेत सार्वजनिक आरोग्य आणि हवामान बदल यांवर शहराला निवेदन करायचं होतं. डेंग्यू, गढूळ पाण्याच्या तक्रारी, उन्हाळ्याचा आराखडा, झाडं, विजेवरच्या बस. लिहायचं अर्थातच मला.

हे निवेदन मी घरी स्वयंपाकघरात उभं राहून स्वतःच वाचून बघितलं. माझा दम ह्यांच्याइतका नाही, त्यामुळे वाक्यं आणखी छोटी झाली. उन्हाळ्याच्या आराखड्यात, पाणपोया आणि दवाखान्यांतल्या राखीव खाटा यांच्या मध्ये, मी माझं वाक्य घातलं. वाचताना आवाज अडखळेल असं वाटलं होतं, पण अडखळला नाही.

सभागृहनेते भले गृहस्थ होते. हे मी नंतर जे झालं ते धरूनही म्हणते. त्यांनी मला केबिनमध्ये बसवून घेतलं, चहा सांगितला आणि मसुदा मोठ्याने वाचायला घेतला, जे सहसा कोणी करत नाही. माझ्या वाक्याशी येऊन ते थांबले.

"ताई, हे काय? पत्र्याखाली थांबू नका?"

"हो."

"मग लोक विचारतील, जायचं कुठे."

"पुढे लिहिलंय. झाडाखाली."

"मग विचारतील, कोणत्या." ते स्वतःच हसले. "विरोधक मला त्याच झाडाला बांधतील. काढून टाकू या का हे? बाकी छान झालंय."

मी सांगितलं, "माझे यजमान गेल्या मे महिन्यात पत्र्याखाली गेले. छापखान्यात. पत्रकात लिहिलंय म्हणून बाहेर पडले नाहीत."

हे मी कोणालाही पहिल्यांदाच एका वाक्यात सांगत होते. हवामानाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं गेलं. त्यांनी मसुदा खाली ठेवला. चहावर साय धरली.

"मला कोणी बोललं नाही," ते म्हणाले. "ठेवा. वाक्य ठेवा. मी वाचणार ते." मग विचारलं, "त्यांचं पूर्ण नाव लिहून देता का एका चिठ्ठीवर?"

मी दिलं. कशाला हवंय हे विचारलं नाही. मला बरं वाटलं असावं. निदान त्या रात्री मी नीट जेवले हे आठवतं.

सभेच्या दिवशी मी अधिकाऱ्यांच्या मागच्या रांगेत बसले होते. सभागृहात एसी इतका असतो की आम्ही जुन्या बायका शाल घेऊन जातो. बाहेर शिशिर संपून ऊन तापायला लागलं होतं आणि आत मी शाल पांघरून उन्हाळ्याच्या निवेदनाची वाट बघत होते. माझ्या मांडीवर निवेदनाची प्रत होती आणि त्या वाक्यावर माझं बोट होतं.

महापालिकेत सभेची सुरुवात श्रद्धांजलीने होते. मधल्या काळात जे गेले असतील त्यांची नावं वाचतात, सगळे उभे राहतात, दोन मिनिटं शांतता. पुष्कळदा त्यानंतर कोणीतरी उठून म्हणतं, दिवंगतांना श्रद्धांजली म्हणून आजची सभा तहकूब करण्यात यावी. दुसरं कोणी अनुमोदन देतं आणि सगळे घरी जातात. हे मी इतक्या वर्षांत किती वेळा बघितलंय. ज्या दिवशी काम नको असेल त्या दिवशी मेलेली माणसं फार उपयोगी पडतात, असं हे म्हणायचे. पण या वेळी पहिलीच मोठी सभा होती, निवेदन होतं, पत्रकार आले होते. तहकुबी होईल असं मला वाटलं नव्हतं.

सभागृह काही वर्षं बसलं नसल्यामुळे नावं पुष्कळ साचली होती. माजी सभासद, माजी पदाधिकारी. नगरसचिवांनी ती वाचली. संपली असं वाटलं तेवढ्यात सभागृहनेते उठले. त्यांच्या हातात चिठ्ठी होती आणि अक्षर माझं होतं, ते मला मागच्या रांगेतून दिसलं.

"आपल्या जनसंपर्क विभागातल्या भगिनी, ज्यांच्यामुळे आपण सगळे बरं बोलतो," ते म्हणाले, आणि थोडं हसू झालं, "त्यांचे यजमान मुद्रण व्यवसायात होते. गेल्या उन्हाळ्यात त्यांचं काम करता करता निधन झालं. आपण या सभागृहातर्फे त्यांनाही श्रद्धांजली वाहू या."

त्यांनी ह्यांचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, स्वच्छ उच्चारात. सगळं सभागृह उभं राहिलं. सत्ताधारी, विरोधक, आयुक्त, पत्रकार, दारातले शिपाई. मीही उभी राहिले आणि शाल सरकली ती धरायला वाकले. शांततेत एसीचा आवाज येत होता. मी ह्यांच्याबद्दल काही आठवायचा प्रयत्न केला, पण आठवलं एवढंच की घरून निघताना गॅसचं बटण बंद केलं की नाही.

मग पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ सभासद बसायच्या आधीच म्हणाले, "दिवंगतांच्या स्मृतीस आदर म्हणून सभा तहकूब करण्यात यावी." अनुमोदन आलं. कोणी विरोध करणार कसा? मेलेल्यांच्या आदराला कोण विरोध करतं? सभागृहनेते क्षणभर गोंधळले, निवेदनाचे कागद हातात घेऊन उभे राहिले. नगरसचिव हळूच काहीतरी बोलले. मग त्यांनी कागद पुढे केले. निवेदन वाचलं असं समजण्यात आलं आणि ते पटलावर ठेवलं गेलं. खुर्च्या सरकल्या. पत्रकार आधीच दाराशी होते.

जिन्यात ते मला शोधत आले. घाम नव्हता तरी रुमालाने तोंड पुसत होते. "ताई, बरं वाटलं ना? आख्खं सभागृह उभं राहिलं त्यांच्यासाठी." डोळे खरंच ओले होते त्यांचे. माझे नव्हते.

"हो," मी म्हटलं. "तुमचे आभार."

"आणि तुमचं वाक्य आलं बरं का. पटलावर आहे."

पटलावर आहे म्हणजे कपाटात आहे. हे त्यांना अजून माहीत नव्हतं, नवीन होते. ज्यांच्यासाठी ते वाक्य होतं, त्यांच्याच आदरार्थ ते कोणी ऐकलं नाही. मला यावर राग यायला हवा होता. मी बसस्टॉपवर उभं राहून तो येतो का, याची वाट बघितली. बस आली.

नंतरच्या सभेत पाण्याचा विषय पेटला आणि निवेदन झालेलं आहे म्हणून कोणी पुन्हा काढलं नाही. पत्रकात वाक्य घालावं असं मी आमच्या विभागप्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, "निवेदनात आहे ना? मग आलंच की ते." मी म्हटलं, निवेदन पत्र्याखालचा माणूस वाचत नाही. ते म्हणाले, "पत्रकही कुठे वाचतो?" त्यांना ह्यांची आठवण झाली बहुतेक, कारण मग म्हणाले, "प्रूफ येईल तेव्हा बघू."

प्रूफ आलंच नाही. काम याही वर्षी ह्यांच्याच छापखान्यात गेलं होतं. मी फोन केला तेव्हा मालक म्हणाले, "वहिनी, मजकूर तोच आहे असा निरोप होता. गेल्या वर्षीची फाइल होतीच, फक्त वरचं चित्र बदललं. लावलंय मशीनला." गेल्या वर्षी कागद घरी घेऊन यायला हे होते. आता कोण आणणार, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

मी पर्समध्ये लाल पेन टाकलं आणि निघाले. ह्यांच्यानंतर त्या गल्लीत मी पाऊल टाकलं नव्हतं. भर दुपार होती. पिंपळ जागेवर होता. पारावर एक कुत्रं आणि भाजीवाली, दोघंही आडवी. अमृततुल्यवाल्याने मला ओळखलं, मान हलवली आणि नजर दुसरीकडे वळवली. मी बोळातून मागे गेले.

आत पाऊल टाकलं तर गरम हवा अंगाला लागली. शाई आणि रॉकेल यांचा वास, जो मी इतकी वर्षं शर्टांना साबण लावून काढायचे. मालक घरी झोपायला गेले असणार. मशीनवर एक माणूस होता, साधारण ह्यांच्याच वयाचा, बनियन अंगाला चिकटलेलं, खांद्यावर ओला पंचा. पलीकडे छापलेली पत्रकं भराभर साचत होती. वर हसणारा सूर्य आणि खाली सूचना क्रमांक एक. मी पेन बाहेर काढलं आणि परत ठेवून दिलं. त्याचा आता उपयोग नव्हता. मशीनमागच्या भिंतीवर गेल्या वर्षीचं पत्रक होतं. पिवळं पडलं होतं, पण सेलोटेप धरून होता. ह्यांनी लावलेला.

"मालक नाहीत, मॅडम," तो माणूस म्हणाला. "चारनंतर या."

"तुम्ही दुपारी इथेच असता?"

"हो मंग. कुठं जाऊ?"

"तापतं ना इथे."

"आमच्याकडं तं याच्याहून जास्त तपते." तो हसला. अमरावतीकडचा असावा. बोलताना त्याला धाप लागत होती आणि त्याला ते कळत नव्हतं. ओठ कोरडे पडले होते. "सवय आहे, मॅडम."

"बाहेर पार आहे. पिंपळ आहे. तासभर बसून या."

त्याने पंच्याने मान पुसली आणि थप्पीतलं वरचं पत्रक उचलून, समजावून सांगावं तसं माझ्यासमोर धरलं. "हे पाहा ना. महापालिकेनंच लिहिलं आहे. बारा ते चार बाहेर पडू नका, छताखाली थांबा."

राग आला. गेल्या मे महिन्यापासून ज्याची वाट बघत होते तो आला, आणि कोणावर आला ते मला आजही सांगता येणार नाही. त्या माणसावर नव्हता. मला ह्यांचा आवाज ऐकू आला, जेवणाच्या टेबलाशी, चष्मा ओढून, आम्ही पाळतोय. मी मशीनला वळसा घालून भिंतीशी गेले आणि पंख्याचं बटण दाबलं.

"ओ मॅडम, नका, नका..."

पंखा आधी कुरकुरला, मग फिरायला लागला. मशीनच्या तोंडाशी, फीडरवर लावलेले कागद उठले. पलीकडची थप्पी विस्कटली आणि पत्रकं त्या खोलीभर उडाली, मशीनवर, रिमांवर, माझ्या पदरावर, त्याच्या ओल्या खांद्यावर. मशीन कागद चावून घरघरलं, तसं त्याने धावत जाऊन ते बंद केलं. मी रडत होते. तो घाबरून माझ्याकडे बघत होता, मग खाली वाकून पत्रकं गोळा करायला लागला.

"राहू द्या ते," मी म्हटलं. "तुम्ही आधी बाहेर चला."